मागील दारावरील सायकल रॅक (कॅम्परव्हॅन)

मागील दारावरील सायकल रॅक हा कॅम्परव्हॅनच्या मागच्या दारावर बाहेरून बसवला जाणारा, सायकली वाहून नेण्यासाठीचा सांगाडा आहे. तो बहुधा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा असतो. दाराच्या कडांना अडकवलेले आकडे, दाराच्या पत्र्यात बसवलेले बोल्ट किंवा बिजागऱ्यांना जोडलेले आधार यांपैकी एका पद्धतीने तो दाराशी जखडला जातो. सायकलींची चाके ठेवण्यासाठी त्याच्या तळाशी पन्हळी असतात आणि सायकलीची चौकट धरून ठेवण्यासाठी वरच्या बाजूस चिमटे असतात. ब्रिटन, जर्मनी, इटली, फ्रान्स आदी युरोपीय देशांतील प्रवासी वाहनांवर हे रॅक मोठ्या प्रमाणावर आढळतात.

वरवर पाहता अशा रॅकची निवड सायकलींच्या संख्येवर अवलंबून असते असे वाटते. प्रत्यक्षात ती आधी दारावर अवलंबून असते. गाडीचे मागचे दार उघडण्या-मिटण्यासाठी घडवलेले असते, बाहेरून ओझे पेलण्यासाठी नव्हे. त्यामुळे दाराचा प्रकार, त्याच्या बिजागऱ्या व पत्र्याची ताकद, सायकलींचे खरे वजन आणि गाडीच्या मागील अॅक्सलवर शिल्लक असलेली भारक्षमता या गोष्टी त्याच क्रमाने तपासाव्या लागतात. त्यांपैकी एकीकडे दुर्लक्ष झाल्यास दार वाकणे, पाणी गळणे यांपासून धावत्या गाडीतून सायकल रस्त्यावर पडण्यापर्यंतचे परिणाम संभवतात.

पार्श्वभूमी

मालवाहू व्हॅनमध्ये निजण्याची व स्वयंपाकाची सोय करून तिचे फिरते घर बनवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात रुजली. फोक्सवॅगन कंपनीची ट्रान्सपोर्टर ही व्हॅन १९५० मध्ये बाजारात आली आणि वेस्टफालिया या जर्मन कंपनीने १९५१ पासून तिच्यासाठी मुक्कामाच्या सोयीचे सामान बनवण्यास सुरुवात केली. पुढे फोर्ड ट्रान्झिट (१९६५), फियाट डुकाटो (१९८१) आणि मर्सिडीज-बेंझ स्प्रिंटर (१९९५) या व्हॅनही कॅम्परव्हॅनसाठी आधार म्हणून वापरल्या जाऊ लागल्या.

अशा वाहनात आतली जागा पलंग, ओटा आणि कपाटे यांनीच भरून जाते. छपरावर वर उचलता येणारा तंबू, झरोके किंवा सौर पट्टे असल्याने तेथेही सायकलींना जागा उरत नाही. म्हणून मागच्या दाराची बाहेरची बाजू वापरात आली. या क्षेत्रातील दोन परिचित उत्पादक म्हणजे १९४५ मध्ये स्थापन झालेली इटलीतील फियाम्मा आणि १९४२ मध्ये स्थापन झालेली स्वीडनमधील थुले. विजेवर चालणाऱ्या सायकलींचा प्रसार झाल्यापासून या रॅकच्या भारक्षमतेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे.

दारांचे प्रकार

एकसंध दार. या प्रकारात मागची सर्व बाजू व्यापणारे एकच दार असते. त्याच्या बिजागऱ्या वरच्या कडेला असून ते खालून वर उचलले जाते. फोक्सवॅगनच्या कॅलिफोर्निया या कॅम्परव्हॅनला असे दार असते. दार वर तोलून धरण्याचे काम दोन्ही बाजूंचे गॅस स्ट्रट करतात. हे स्ट्रट रिकाम्या दाराच्या वजनाला अनुसरून निवडलेले असतात. रॅकचे आठ-दहा किलोग्रॅम वाढले तरी जुने स्ट्रट दार अर्ध्यावर सोडतात, म्हणून काही रॅकसोबत अधिक ताकदीचे स्ट्रट दिले जातात. सायकली लादलेल्या असताना दार उघडण्यास बहुतेक उत्पादक मनाई करतात.

जोडदार. या प्रकारात दोन उभी दारे असून त्यांच्या बिजागऱ्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर असतात. डुकाटो, स्प्रिंटर यांसारख्या मोठ्या व्हॅनला बहुधा अशी दारे असतात. येथे दोन पर्याय उपलब्ध असतात. रॅक दोन्ही दारांवर आडवा बसवल्यास भार विभागला जातो, परंतु जोडणी सोडवल्याशिवाय दारे उघडत नाहीत. रॅक एकाच दारावर बसवल्यास ते दार सायकलींसह उघडता येते, मात्र सर्व भार त्या एका दाराच्या बिजागऱ्यांवर पडतो. शिवाय एका दाराची रुंदी पाऊण मीटरच्या आसपास असते, तर सायकलीची लांबी पावणेदोन मीटरहून अधिक असू शकते. त्यामुळे सायकल दुसऱ्या दारासमोरही येते आणि रॅकचे दार आधी उघडल्याशिवाय दुसरे दार मोकळे होत नाही. काही व्हॅनची दारे २७० अंशांत फिरून गाडीच्या कुशीला टेकतात. रॅक बसवल्यानंतर ही सोय राहत नाही.

व्हॅनच्या पत्र्याच्या दारासाठी बनवलेले रॅक आणि मोठ्या मोटारगृहांच्या मागील भिंतीसाठी बनवलेले रॅक हे भिन्न प्रकार आहेत. मोटारगृहाची भिंत अनेकदा दोन पातळ थरांमध्ये फोम भरून केलेली असते आणि तिच्यावरील रॅकला आतून स्वतंत्र मजबुती लागते.

रचना

दारावरील रॅकचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत :

- मुख्य चौकट : दाराला समांतर राहणारा नळ्यांचा उभा सांगाडा. दाराच्या गोलाईनुसार त्याला बाक दिलेला असतो.
- आकडे व आधार : वरचे आकडे दाराच्या कडेवर बसतात व भार तोलतात, तर खालचे आकडे सांगाडा दारापासून दूर सरकू देत नाहीत. त्यांच्या आतील बाजूस रबराचे थर असतात.
- पाळणा : खालचा, बाहेर आलेला आडवा भाग. काही रॅकमध्ये तो वापरात नसताना वर दुमडता येतो.
- पन्हळी : चाके ठेवण्याच्या लांब पट्ट्या. त्या बहुधा सरकवता येतात.
- चिमटे व पट्टे : चिमटे सायकलीची चौकट धरतात व पट्टे चाके पन्हळीला बांधतात.

वरच्या आकड्यांवर खाली खेचणारा ताण, तर खालच्या टेकूंवर आत दाबणारा ताण येतो. खालचे टेकू पत्र्याच्या मधल्या पातळ भागावर आले तर तेथे खळगा पडतो. म्हणून ते पत्र्याला आतून पट्ट्यांची बळकटी असलेल्या जागी यावेत, अशी रचना केलेली असते. प्रत्येक वाहनाच्या दाराचा आकार वेगळा असल्याने चांगले रॅक विशिष्ट वाहनासाठी, त्याच्या निर्मितीच्या वर्षांनुसार आणि दाराच्या प्रकारानुसार बनवले जातात. सर्व वाहनांना चालणारे, केवळ पट्ट्यांवर तोललेले रॅक लहान मोटारींसाठी असतात. कॅम्परव्हॅनच्या दीर्घ प्रवासासाठी ते अपुरे पडतात.

निवडीचे निकष

भारक्षमता

दारावरील रॅकची कमाल भारमर्यादा साधारणतः ३५ ते ६० किलोग्रॅमच्या दरम्यान असते. नेमका आकडा रॅकच्या पाटीवर व माहितीपत्रकात दिलेला असतो. वाहन-उत्पादकाने दारासाठी वेगळी मर्यादा दिली असल्यास दोहोंपैकी लहान आकडा ग्राह्य धरला जातो. रॅकवर चार पन्हळी बसू शकतात याचा अर्थ तो कोणत्याही चार सायकली पेलू शकतो, असा होत नाही.

साधी सायकल १२ ते १६ किलोग्रॅमची असते, तर विजेवर चालणारी सायकल अनेकदा २० ते २७ किलोग्रॅमपर्यंत भरते. म्हणजे १४ किलोग्रॅमच्या चार साध्या सायकलींचे वजन ५६ किलोग्रॅम होते, तर २५ किलोग्रॅमच्या दोनच विद्युत सायकली ५० किलोग्रॅमपर्यंत पोहोचतात. ३५ किलोग्रॅम मर्यादेच्या रॅकवर अशी एकच सायकल नेता येते. विद्युत सायकलीची बॅटरी काढून गाडीत ठेवल्यास प्रत्येकी सुमारे अडीच ते चार किलोग्रॅम भार कमी होतो. वजन अंदाजाने न ठरवता काट्यावर करणे आवश्यक असते, कारण कुलूप, पिशव्या, चिखलरोधक व सामानाचा कठडा यांची भर माहितीपत्रकातील वजनात धरलेली नसते.

उभ्या गाडीवरील वजन आणि धावत्या गाडीवरील ताण यांतही फरक असतो. खड्ड्यातून किंवा गतिरोधकावरून जाताना गाडी उसळते, तेव्हा तेच वजन दाराला व बोल्टांना क्षणभर कितीतरी अधिक जाणवते. म्हणून भारमर्यादेच्या अगदी काठावर राहणे अनुभवी वापरकर्ते टाळतात.

मागील अॅक्सलवरील भार

रॅक मागील अॅक्सलच्याही मागे लोंबत असल्याने तरफेच्या तत्त्वानुसार त्याचा परिणाम स्वतःच्या वजनाहून अधिक होतो. उदाहरणार्थ, ४.०३५ मीटर अंतराची अॅक्सल व ५.९९८ मीटर लांबी असलेल्या डुकाटो व्हॅनमध्ये मागील अॅक्सलपासून दारापर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर असते. रॅक व सायकली मिळून ६० किलोग्रॅम वजन असेल आणि त्याचा गुरुत्वमध्य दाराबाहेर ३० सेंटीमीटरवर असेल, तर तो मागील अॅक्सलच्या सुमारे १.३ मीटर मागे येतो. अशा स्थितीत मागील अॅक्सलवर सुमारे ७९ किलोग्रॅम भार वाढतो आणि पुढील अॅक्सलवरील भार सुमारे १९ किलोग्रॅमने घटतो.

पुढील चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत ही घट ओल्या चढावर जाणवू शकते. युरोपात ब वर्गाच्या सामान्य परवान्यावर चालवल्या जाणाऱ्या बहुतेक कॅम्परव्हॅनचे कमाल एकूण वजन ३,५०० किलोग्रॅम असते. पाण्याची टाकी, बॅटऱ्या, छत्रीवजा कनात व प्रवासी धरून ही मर्यादा आधीच गाठली गेलेली असू शकते. म्हणून प्रवासाच्या सामानासह गाडीचे व प्रत्येक अॅक्सलचे वजन वजनकाट्यावर पाहिल्यावरच उरलेली क्षमता कळते.

लांबी व रुंदी

रॅकमुळे गाडीची लांबी वाढते. सहा मीटरला अगदी किंचित कमी असलेली व्हॅन सायकली लादल्यावर ती मर्यादा ओलांडते. फेरी बोटींचे दर व वाहनतळांच्या जागा अनेक ठिकाणी लांबीनुसार ठरत असल्याने आरक्षण करताना रॅकसहित लांबी कळवावी लागते. रुंदीचा प्रश्न लहान व्हॅनमध्ये उद्भवतो. फोक्सवॅगनच्या टी-५ व टी-६ या पिढ्यांची आरशांविना रुंदी १.९०४ मीटर आहे. मोठ्या चाकांची लांब सायकल त्यावर जवळजवळ कडेपर्यंत पोहोचते व चुकीच्या बाजूला सरकवल्यास बाहेर डोकावते.

वापराची सोय

उंच व्हॅनवर सायकल छातीपर्यंत किंवा त्याहून वर उचलावी लागते. जड सायकलींसाठी काही रॅकचा पाळणा हाताने फिरवायच्या दांड्याने किंवा मोटारीने खाली आणता येतो. मात्र या यंत्रणेचे स्वतःचे वजन अधिक असते. मागच्या दाराचा दिवसातून किती वेळा वापर होतो, हाही विचार महत्त्वाचा ठरतो. गॅसची टाकी, पाण्याची नळी वा स्वयंपाकाचे सामान मागून काढावे लागत असल्यास दार अडवणारा रॅक प्रवासात अडचणीचा होतो.

बसवणी

बसवणीपूर्वी दाराची तपासणी केली जाते. अपघातानंतर बदललेले, पुटी भरून रंगवलेले किंवा खालच्या कडेस गंजलेले दार रॅकसाठी अयोग्य असते. बिजागऱ्यांत खेळ असल्यास आणि दार बंद केल्यावर चारही बाजूंची फट सारखी नसल्यास ते दोष आधी दुरुस्त करावे लागतात, कारण रॅकच्या वजनाने ते वाढतात.

भोके न पाडता बसवायचा रॅक

१. आकडे व टेकू येणाऱ्या जागा धुऊन कोरड्या केल्या जातात व तेथे पारदर्शक संरक्षक पापुद्रा चिकटवला जातो. रबर व पत्रा यांमध्ये अडकलेली धूळ सततच्या थरथरीने रंग घासून काढते.

२. सांगाडा जमिनीवर जोडला जातो, पण बोल्ट सैल ठेवले जातात. नंतर दोन व्यक्ती तो उचलून वरचे आकडे कडेवर बसवतात.

३. सांगाडा मध्यावर व समतल आल्यावर खालचे आकडे लावले जातात. बोल्ट डावी-उजवीकडे आलटून-पालटून थोडे थोडे आवळले जातात. शेवटची आवळणी माहितीपत्रकात दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने होते. अति आवळल्यास दाराची कड चेपते आणि कमी आवळल्यास रॅक सरकतो.

४. दार सावकाश उघडून-मिटून पाहिले जाते. वरचे आकडे छपराला घासत नाहीत ना, पाण्याला अडवणारी रबरी पट्टी दबून दुमडत नाही ना, काच पुसणारा वायपर, मधला ब्रेक-दिवा व मागचा कॅमेरा मोकळे आहेत ना, हे पाहावे लागते.

भोके पाडून बसवायचा रॅक

हा प्रकार अधिक स्थिर असला तरी चूक झाल्यास ती मागे घेता येत नाही. आतील अस्तर काढून तारा, कुलपाचे दांडे व बळकटीच्या पट्ट्या कोठे आहेत ते प्रथम पाहिले जाते. भोकांच्या जागी कागदी चिकटपट्टी लावून खुणा केल्या जातात, लहान सुईने सुरुवात करून भोक इष्ट मापाचे केले जाते. त्याची कड घासून गुळगुळीत केल्यावर उघड्या पत्र्याला गंजरोधक लेप व रंग दिला जातो आणि तो पूर्ण वाळू दिला जातो. बोल्टाभोवती न सुकणारा किंवा लवचिक राहणारा सांधेलेप भरला जातो. पातळ पत्र्यावरील ताण पसरावा म्हणून आतून रुंद वायसर किंवा धातूची पट्टी लावली जाते. ॲल्युमिनियमचा सांगाडा, पोलादी पत्रा व स्टेनलेस स्टीलचे बोल्ट ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिल्यास विद्युत-रासायनिक क्रियेने गंज चढतो. त्यांच्यामध्ये नायलॉन वा रबराचे वायसर घातल्याने तो टळतो.

दोन्ही प्रकारांत पहिल्या छोट्या फेरीनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासले जातात, कारण रबर दबल्यामुळे सुरुवातीची आवळण सैल पडते.

सायकली लादणे

सर्वांत जड सायकल दाराला लागून असलेल्या पन्हळीत ठेवली जाते. त्यामागेही तरफेचेच तत्त्व आहे. समजा, दारापासून २० व ४० सेंटीमीटरवर दोन पन्हळी आहेत आणि सायकली २५ व १५ किलोग्रॅमच्या आहेत. जड सायकल आत ठेवल्यास वजन व अंतर यांच्या गुणाकारांची बेरीज १,१०० येते, तर बाहेर ठेवल्यास १,३०० येते. सायकली त्याच असूनही दाराला बाहेर खेचणारा ताण सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो.

हँडल एकमेकांत अडकू नयेत म्हणून सायकली आलटून-पालटून उलट-सुलट ठेवल्या जातात. हवा भरण्याचा पंप, पाण्याची बाटली, मुलाचे आसन व बॅटरी काढून घेतली जाते. प्रत्येक चाक पट्ट्याने बांधल्यावर सर्व सायकलींना मिळून एक लांब पट्टा मुख्य चौकटीभोवती आवळला जातो. एखादा चिमटा तुटला तरी सायकल रस्त्यावर पडू नये, हा त्यामागील हेतू असतो. कार्बन तंतूंच्या चौकटीला चिमट्याचा दाब सोसत नाही, म्हणून अशा सायकलींसाठी उत्पादकाची अनुमती पाहिली जाते. गाडीच्या धूरनळीचे तोंड सायकलीच्या चाकाजवळ येत असल्यास टायर उष्णतेने खराब होऊ शकतो.

पावसासाठी सायकलींवर घातलेले आच्छादन वाऱ्याचा जोर वाढवते व दिवे झाकू शकते. अनेक माहितीपत्रकांत लादलेल्या रॅकसह गाडी चालवण्याची वेगमर्यादाही दिलेली असते. प्रवासात प्रत्येक थांब्यावर पट्टे हाताने ओढून पाहणे ही रूढ पद्धत आहे.

कायदेशीर तरतुदी

रॅक बसवलेली गाडी चालवताना मागून येणाऱ्या वाहनचालकाला दिवे व नोंदणी पाटी स्पष्ट दिसणे हे बहुतेक देशांतील नियमांचे मूळ सूत्र आहे. १९६८ च्या रस्ता-वाहतूकविषयक व्हिएन्ना कराराच्या ३० व्या कलमानुसार सामानाने ब्रेकचे दिवे, वळण-दर्शक दिवे, परावर्तक व नोंदणी क्रमांक झाकले जाता कामा नयेत.

- ब्रिटन : वाहनांच्या दिव्यांविषयीचे १९८९ चे नियम आवश्यक दिवे झाकण्यास मनाई करतात. १९९४ च्या वाहन उत्पादनशुल्क व नोंदणी कायद्याच्या ४३ व्या कलमानुसार नोंदणी पाटी झाकलेली असणे हा गुन्हा असून त्यास कमाल १,००० पौंड दंड होऊ शकतो. पाटी वा दिवे झाकले जात असल्यास दुसरी पाटी व दिवे असलेला फलक सायकलींच्या मागे लावला जातो.
- इटली व स्पेन : मागे बाहेर आलेल्या सामानावर तांबड्या-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांचा, ५० सेंटीमीटर बाजूचा चौरस परावर्तक फलक लावावा लागतो.
- जर्मनी : सामान मागील परावर्तकांच्या एक मीटरहून अधिक बाहेर आल्यास त्यावर खूण करणे बंधनकारक आहे. दारावरील रॅक बहुधा या मर्यादेच्या आत राहतो.
- भारत : मोटार वाहन कायदा, १९८८ चे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करण्यावर निर्बंध घालते. नोंदणी पाटीचे स्वरूप केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ५० व ५१ व्या नियमांत दिले आहे. २०१९ च्या सुधारणेने समाविष्ट झालेल्या कलम १९४ (१-अ) मध्ये अनुज्ञेय मर्यादेबाहेर आलेल्या सामानासाठी दंडाची तरतूद आहे. भारतातील मोटारगृहांच्या प्रमाणीकरणासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारल्याने राज्यात अशा वाहनांच्या वापराला धोरणात्मक चौकट मिळाली.

देखभाल व नेहमीचे बिघाड

दारावरील रॅकचे बिघाड बहुतांशी हळूहळू वाढणारे असतात व लवकर लक्षात आल्यास आटोक्यात येतात. दार मिटताना कडी वर-खाली अडखळू लागणे हे बिजागरी खाली उतरल्याचे लक्षण असते. दाराच्या आतील अस्तर दमट लागल्यास भोकांभोवतीचा सांधेलेप फाटलेला असण्याची शक्यता असते. टेकूंच्या भोवती रंगाला बारीक चिरा दिसू लागल्यास तेथील पत्रा वारंवार वाकत असतो. अशा वेळी भार उतरवून आतून बळकटी देईपर्यंत रॅक वापरू नये, असे सांगितले जाते.

पट्ट्यांचा धागा उन्हाने कमकुवत होतो, प्लॅस्टिकचे चिमटे काही वर्षांत ठिसूळ बनतात. हे भाग सुटे मिळत असल्याने ठरावीक काळाने बदलले जातात. समुद्रकिनाऱ्यावरील किंवा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवरील प्रवासानंतर सांगाडा गोड्या पाण्याने धुतला जातो.

पर्याय

दाराची वा अॅक्सलची क्षमता अपुरी असल्यास अन्य व्यवस्था स्वीकारल्या जातात. गाडीला मागे ओढण्याचा हुक असल्यास त्यावर बसणारा रॅक भार थेट गाडीच्या सांगाड्याला देतो व सायकली कमी उंचीवर ठेवतो. मात्र त्याच्या हुकालाही उभ्या भाराची मर्यादा असते व मागील अॅक्सलवरील ताण त्यानेही टळत नाही. काही व्हॅनमध्ये पलंगाखाली सायकलींसाठी जागा केलेली असते. तेथे सायकली चोरी व पाऊस यांपासून सुरक्षित राहतात, पण सामानाची जागा जाते. घडीची सायकल हा वजन व जागा दोन्ही वाचवणारा पर्याय आहे. जेथे दोन जड विद्युत सायकली आणि जुने, अशक्त दार अशी स्थिती असते, तेथे दारावर रॅक न बसवणे हाच योग्य निर्णय ठरतो.

हेही पहा

- सायकल
- विद्युत सायकल
- मोटारगृह
- तरफ
- गुरुत्वमध्य